अनवाणी गायकाच्या मागोमाग

1993 साल. अमेरिकेच्या मध्यभागातल्या एका गावातलं मोठं चर्च. तुम्ही मधल्या रांगेत बसला आहात. शेजारी कॉलेजची मुलं, पुढे आईवडील, त्यांच्या मांडीवर पेंगुळलेली पोरं. मंचावर पियानो आहे, दोन-चार गिटारी आहेत आणि एका स्टँडवर तारांनी गच्च भरलेली एक चपटी लाकडी पेटी आहे. एक माणूस आत येतो. जुनी जीन्स, साधा टी-शर्ट, विस्कटलेले केस, वाढलेले दाढीचे खुंट, पायांत काहीच नाही. वायरी तपासायला कुणी आलं असेल, असं वाटून तुम्ही पुन्हा शेजाऱ्याशी बोलू लागता. तो माणूस पियानोवर बसतो, पहिले काही स्वर वाजतात आणि सभागृह गप्प होतं. हाच रिच मलिन्स.

अमेरिकेत ज्याला ‘कंटेम्पररी ख्रिश्चन म्युझिक’ म्हणतात, त्या दुनियेतलं हे या घडीचं फार मोठं नाव आहे. रॉक, फोक आणि पॉपच्या चालीत ख्रिस्ती आशयाची गाणी, त्यांच्यासाठी वेगळी रेडिओ स्टेशनं, वेगळी दुकानं, वेगळे पुरस्कार, वेगळी मासिकं. 1970च्या आसपास कॅलिफोर्नियाच्या हिप्पी मुलांमध्ये ‘जीझस मूव्हमेंट’ची लाट आली. गिटार घेऊन समुद्रकिनाऱ्यावर भजनं गाणाऱ्या त्या मुलांमधून हे संगीत निघालं, आणि वीस वर्षांत त्याचा पक्का व्यवसाय झाला. या व्यवसायातले तारे नीट इस्त्रीच्या कपड्यांत फोटो काढून घेतात. हा माणूस त्यांच्यात बसत नाही, हे तुम्हाला पहिल्या पाच मिनिटांत कळतं. दोन गाण्यांच्या मध्ये तो बोलतो तेव्हा आपल्या पापांबद्दल, एकटेपणाबद्दल, रागाबद्दल बोलतो. उपदेश करतो तेव्हाही आधी स्वतःला धारेवर धरतो.

शेवटी तो लोकांना जुनं एक स्तोत्र गायला लावतो. वाद्यं थांबतात, नुसते गळे उरतात. सगळे डोळे मिटून गात असतात. गाणं संपल्यावर टाळ्या वाजवायला तुम्ही डोळे उघडता, तर मंच रिकामा असतो. ही त्याची नेहमीची रीत होती, असं त्याला ऐकलेले लोक आजही सांगतात. गाणं लोकांच्या तोंडी दिलं की गायकाचं काम संपलं, असा त्यामागचा हिशोब. त्याच्या सगळ्या कारकिर्दीचा अर्थ मला या एका सवयीत दिसतो. ती कुठून आली ते बघायला आणखी मागे जावं लागेल.

आता तुम्ही 1960च्या दशकात आहात, इंडियाना राज्याच्या पूर्व टोकाला, ओहायोच्या सीमेलगतच्या रिचमंड शहरात. व्हाइटवॉटर नदीच्या घळीत उतरलात तर स्टार पियानो कंपनीच्या कारखान्याच्या विटांच्या इमारती दिसतात. याच कंपनीने जेनेट रेकॉर्ड्स काढली. 1923 साली किंग ऑलिव्हरच्या बँडबरोबर आलेल्या तरुण लुई आर्मस्ट्राँगचं पहिलं ध्वनिमुद्रण इथलंच. रूळ इतके जवळ होते की आगगाडी आली की मुद्रण थांबवून बसावं लागे.

रिचर्ड वेन मलिन्स या शहरात 21 ऑक्टोबर 1955ला जन्मला. घरचे त्याला वेन म्हणतात. वडील जॉन शेतकरी, झाडांची नर्सरी चालवणारे, मूळ केंटकीकडच्या डोंगराळ मुलुखातले, मोजकं बोलणारे. आई नेव्हा क्वेकर घरातली. तुम्ही घराच्या दारात उभे राहिलात तर आतून पियानो ऐकू येतो. पणजी पणतूला स्तोत्रं शिकवते आहे, तीही चार आवाजांच्या रचनेसकट. वरचा सूर कुठे चालतो, खालचा कुठे टेकतो, मधले दोन त्यांना कसे सांधतात, हे पोर खेळता खेळता उचलतं. शेतातल्या कामात मात्र त्याचा हात चालत नाही. शेतकरी बापाला आणि पियानोवाल्या पोराला एकमेकांची भाषा कळायला पुढे फार वर्षं लागली. 1989च्या अल्बममध्ये ‘फर्स्ट फॅमिली’ नावाचं गाणं त्याने आईवडिलांवरच केलं. त्यात कौतुक आहे, आणि त्या कौतुकाखाली एक अवघडलेपणही ऐकू येतं.

क्वेकर म्हणजे ‘सोसायटी ऑफ फ्रेंड्स’. युद्धाला नकार, साधी राहणी आणि उपासनेत शांततेला मोठी जागा, ही या पंथाची ओळख. रिचमंडच्या परिसरात त्यांची जुनी वस्ती आहे. रिच ज्या फाउंटन सिटीत हायस्कूलला गेला, त्याच गावात लेव्हाय कॉफिन या क्वेकर व्यापाऱ्याचं विटांचं घर आजही उभं आहे. दक्षिणेतून पळून आलेल्या गुलामांना कॉफिन पतिपत्नी तिथे लपवत आणि कॅनडाच्या वाटेला लावत. हजारो माणसं त्या आणि त्यांच्या आधीच्या घरातून पुढे सुटली. श्रद्धा म्हणजे परक्या माणसासाठी आपलं दार उघडणं, ही गोष्ट त्या गावातल्या पोरांच्या शाळेच्या वाटेवरच होती. रिचच्या पुढच्या निर्णयांचं लोकांना नवल वाटतं. हे गाव पाहिल्यावर मला तितकंसं वाटत नाही.

1974ला तो सिनसिनाटी बायबल कॉलेजात जातो. मग ‘झायन’ नावाचा बँड, 1981ला त्यांचा एक अल्बम. शिबिरांमध्ये, तरुणांच्या मेळाव्यांत गाणं, व्हॅनमधून रात्री-अपरात्री प्रवास, हातात जेमतेम पैसे. ही वर्षं लवकर ओलांडू या.

1982ला नॅशव्हिलमध्ये उतरा. म्युझिक रो नावाच्या भागात जुन्या बंगल्यांमध्ये प्रकाशकांची आणि स्टुडिओंची कार्यालयं थाटलेली आहेत. एमी ग्रँट नावाची जेमतेम एकवीस वर्षांची गायिका ‘एज टू एज’ हा अल्बम करते आहे. त्यात ती रिचचं ‘सिंग युअर प्रेज टु द लॉर्ड’ घेते. गाण्याला सुरुवात होते ती बाखच्या सी मायनर फ्यूगने, आणि त्यातूनच पॉपचा ठेका उसळून वर येतो. पणजीने शिकवलेलं चार आवाजांचं गणित इथे कामी आलं आहे, असं ऐकताना वाटत राहतं. अल्बमच्या दहा लाखांवर प्रती खपतात. एकट्या ख्रिस्ती गायकाच्या अल्बमने तेवढी मजल आधी मारलेली नव्हती. त्या एका गाण्याने रिचला नॅशव्हिलचं दार उघडलं. रियुनियन रेकॉर्ड्सशी करार झाला, 1986ला त्याच्या नावाचा पहिला अल्बम आला, 1987ला दुसरा. दोन्हींना बेताचाच प्रतिसाद मिळाला. सिंथेसायझरच्या झगमगाटात त्याचा स्वतःचा आवाज हरवला होता, असं माझं मत आहे. गाणी चांगली होती, पेहराव उसना होता.

1988. तुम्ही एका गाडीच्या मागच्या सीटवर आहात. रात्र आहे. रिच एकटाच गाडी चालवतो आहे, मेळावा लांब आहे आणि डोळे मिटायला लागले आहेत. जागं राहण्यासाठी तो मोठमोठ्याने, दक्षिणेतल्या धर्मोपदेशकांच्या थाटात हातवारे करत देवाची स्तुती ओरडायला लागतो. त्या ओरडण्यातून एक गाणं तयार होतं, असं तो पुढे सांगे. कडवी म्हणजे घाईघाईने, जवळजवळ बोलत टाकलेल्या ओळी. ध्रुवपद मात्र इतकं सोपं की एकदा ऐकलं की मुलंही म्हणू लागतात. ‘ऑसम गॉड’ त्या वर्षीच्या ‘विंड्स ऑफ हेवन, स्टफ ऑफ अर्थ’ या अल्बममध्ये आलं आणि बघता बघता अमेरिकेभरच्या चर्चमध्ये पोहोचलं. देशोदेशीच्या तरुणांच्या सभांमध्ये ते गातात, आपल्या मुंबई-पुण्यातल्या इंग्रजी उपासनांमध्येही. बहुतेक गाणाऱ्यांना ते कुणाचं आहे हे माहीत नसतं. कडवी गळून गेली आहेत, ध्रुवपद तेवढं उरलं आहे.

रिचचं स्वतःचं मत काय? रचनेच्या दृष्टीने हे आपल्या कच्च्या गाण्यांपैकी एक आहे, असं तो मुलाखतीत स्पष्ट सांगे. ज्या गाण्याने नाव झालं त्याच्याबद्दल असं बोलायला धीर लागतो. मला त्याचं बोलणं पटतं. त्याची खरी ताकद दुसरीकडे आहे. ती ऐकायला विचिटाला जायला हवं.

नॅशव्हिलमध्ये जम बसत असतानाच त्याने ते शहर सोडलं आणि कॅन्सस राज्यातलं विचिटा गाठलं. संगीत-व्यवसायाच्या हिशोबाने तिथे काहीच नाही. तुम्ही शहराच्या पूर्वेला गाडी काढा, तासाभरात फ्लिंट हिल्स लागतात. उंच गवताची माळरानं, झाड औषधालाही सापडत नाही, वारा थांबायचं नाव घेत नाही. एके काळी इथे रानगव्यांचे कळप धावत. 1991च्या ‘द वर्ल्ड ॲज बेस्ट ॲज आय रिमेंबर इट’च्या पहिल्या भागात ‘कॉलिंग आउट युअर नेम’ नावाचं गाणं आहे. ते ऐकलं की हा माळ डोळ्यांपुढे उभा राहतो.

तारांनी भरलेली ती लाकडी पेटी इथे जवळून बघा. तिचं नाव हॅमर्ड डल्सिमर. आपल्या संतूरच्या कुळातलं वाद्य. समलंब चौकोनी खोका, दोन किंवा अधिक तारा मिळून एक स्वर, आणि बोटांत धरलेल्या दोन हलक्या लाकडी हातोड्या. मधल्या घोडीची जागा अशी असते की तार दोन आणि तीन अशा प्रमाणात विभागली जाते. त्यामुळे घोडीच्या उजवीकडे षड्ज धरला तर त्याच तारेवर डावीकडे पंचम मिळतो. दाबून स्वर थांबवण्याची सोय बहुतेक डल्सिमरांना नसते. मारलेला स्वर आपोआप विरेपर्यंत रेंगाळतो, त्यावर पुढचा पडतो, त्यावर तिसरा, आणि थोड्या वेळात स्वरांचं धुकं तयार होतं. रिच त्या धुक्याचा उपयोग जाणून होता. तो वेगाने वाजवतो, पण गर्दी होऊ देत नाही. पंचमाची पोकळी मोकळी ठेवतो. सिंथेसायझर करू शकला नव्हता ते काम या पेटीने केलं. गाणं मोकळ्या जागेत उभं राहिलं.

पैसा आता येऊ लागला होता. रेकॉर्ड्स खपत होत्या, कार्यक्रमांना गर्दी होती. इथे त्याने जे केलं ते बघायला तुम्ही चर्चच्या वडीलजनांच्या बैठकीत कोपऱ्यात उभे राहा. रिचने त्यांच्यावर आपला हिशोब सोपवला आहे. सगळी कमाई त्यांच्याकडे जाणार. त्यातून त्याला अमेरिकेतल्या साध्या कामगाराची सरासरी मजुरी मिळणार, बाकीचे पैसे दानधर्मात. आणि आपण नेमके किती कमावतो हे आपल्याला कळवू नये, अशी त्याची अट. आकडा कळला तर देणं जड जाईल, असं त्याचं म्हणणं. स्वतःच्या मनाची इतकी अचूक ओळख असलेले लोक मी फार थोडे पाहिले आहेत. मोह होणार नाही, अशी बढाई त्याने मारली नाही. मोह होणारच, हे धरून व्यवस्था केली.

मराठी वाचकाला इथे रेव्हरंड नारायण वामन टिळक आठवल्याशिवाय राहणार नाहीत. ज्यांची भजनं मराठी चर्चमध्ये आजही रविवारी गायली जातात, त्या टिळकांनी 1917ला अमेरिकन मराठी मिशनचा पगार सोडला आणि ख्रिस्ती संन्यासी म्हणून बाहेर पडले. दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही. पण गाणं लिहिणाऱ्याच्या राहणीची गाण्याला साक्ष हवी, ही जाणीव दोघांचीही.

रिचच्या डोक्यात त्या वेळी असिसीकर संत फ्रान्सिस होते. विचिटात त्याने आणि त्याचा गीतकार मित्र बीकर याने काही तरुणांबरोबर एक लहानसा गट केला. नाव ‘किड ब्रदर्स ऑफ सेंट फ्रँक’, म्हणजे संत फ्रान्सिसचे धाकटे भाऊ. दारिद्र्य, ब्रह्मचर्य, आज्ञापालन ही जुनी व्रतं आपल्या परीने पाळून बघायची. कुठल्या मठाची मान्यता नाही, झगा नाही. बरीच वर्षं टिकलेलं एक नातं तुटलं होतं. त्यानंतर त्याने लग्न केलं नाही. गटातले इतर एकेक करून संसाराला लागले. रिच त्या वाटेवर एकटाच पुढे गेला.

त्याला संत करून टाकणं मला मान्य नाही, आणि त्यालाही झालं नसतं. दारूशी त्याचा झगडा होता, हे त्याच्या मित्रांनी पुढे उघड सांगितलं. तो तापट होता, कधी कधी जवळच्यांना तोडून बोलायचा, मग पश्चात्तापाने खचायचा. ‘होल्ड मी जीझस’ हे गाणं युरोपच्या प्रवासात, ॲमस्टरडॅमच्या मोहांशी झगडताना सुचलं, असं तो श्रोत्यांना सांगे. हजारो लोकांसमोर, चर्चमध्ये. त्या काळच्या ख्रिस्ती संगीताच्या व्यवसायात असं बोलणाऱ्याचं नुकसान होत असे. त्याने ते पत्करलं. म्हणून त्याच्या गाण्यात देवाकडे केलेली याचना खोटी वाटत नाही. ज्याला खरोखर आधार हवा आहे, तोच बोलतो आहे हे कळतं.

1993चा तो अल्बम आता ऐका: ‘अ लिटर्जी, अ लेगसी अँड अ रॅगमफिन बँड’. रॅगमफिन म्हणजे फाटका पोर. ब्रेनन मॅनिंग नावाच्या लेखकाच्या ‘द रॅगमफिन गॉस्पेल’ या पुस्तकावरून बँडला हे नाव दिलं. अल्बमचा पहिला अर्धा भाग उपासनेच्या क्रमाने रचलेला आहे. यशयाच्या 52व्या अध्यायातल्या दहाव्या वचनावर एक गाणं, मग याचना, मग प्रेषितांचा विश्वासांगीकार, मग शांतीचा आशीर्वाद. चर्चमध्ये तोंडपाठ म्हटला जाणारा विश्वासांगीकार घ्यायचा आणि त्याला डल्सिमरचा थरार द्यायचा, हे धाडस होतं. त्याच्या देशातल्या इव्हँजेलिकल मंडळींना ठरीव उपासनाविधीची तेव्हा फारशी सवय नव्हती. अल्बमचा दुसरा अर्धा भाग अमेरिकेबद्दल आहे, वारशाबद्दल आहे. ‘सीसीएम’ मासिकाने पुढे ख्रिस्ती संगीतातल्या 100 उत्तम अल्बमची यादी केली, तेव्हा हा तिसरा आला. मी असतो तर पहिला ठेवला असता.

आणि हे सगळं चालू असताना तो कॉलेजात शिकत होता. विचिटातल्या फ्रेंड्स युनिव्हर्सिटीत, क्वेकरांनीच स्थापन केलेल्या विद्यापीठात, वयाची पस्तिशी उलटलेला हा प्रसिद्ध गायक विशी-बाविशीतल्या मुलांबरोबर वर्गात बसे. विषय संगीतशिक्षण. मे 1995मध्ये त्याला पदवी मिळाली. अभिनंदन करून झालं की लोक विचारत, हे कशासाठी? उत्तर ठरलेलं होतं. त्याला शाळेत संगीत शिकवायचं होतं, नवाहो या अमेरिकेच्या मूळ रहिवाशांच्या मुलुखात.

चला तर तिकडे. ॲरिझोना आणि न्यू मेक्सिको यांच्या सीमेवर विंडो रॉक नावाचं गाव आहे, नवाहो राष्ट्राची राजधानी. लाल वालुकाश्माच्या उंच कड्याला आरपार एक प्रचंड गोल भोक आहे, त्यावरून हे नाव. सीमा ओलांडली की लगेच न्यू मेक्सिकोतलं त्से बोनिटो. हवा कोरडी आणि विरळ, कारण तुम्ही समुद्रसपाटीपासून दोन हजार मीटरांहून वर आहात. अंतरा-अंतरावर घरं, मध्ये धूळ आणि झुडपं. रिच इथे येऊन आधी ट्रेलरमध्ये आणि मग होगानमध्ये राहतो. होगान म्हणजे नवाहोंचं पारंपरिक घर, सहा किंवा आठ बाजूंचं, आणि त्याचं दार पूर्वेला, उगवत्या सूर्याकडे.

या मातीत चालताना पायाखाली काय आहे हे तुम्हाला ठाऊक असायला हवं. 1864ला अमेरिकी सैन्याने नवाहोंना त्यांच्या भूमीतून हाकलून शेकडो मैल पायी चालवत बोस्के रेडोंडोच्या छावणीत नेलं. आठ हजारांहून अधिक माणसं तिथे कोंडली होती. वाटेत आणि छावणीत कितीतरी मेली. 1868च्या तहानंतर उरलेले परतले. त्यानंतर आल्या निवासी शाळा. मुलांचे केस कापले, त्यांनी आपली भाषा बोलली तर शिक्षा केली. या कामात सरकारबरोबर चर्चही होतं, मिशनरीही होते. ख्रिस्ताचं नाव घेऊन आलेल्या गोऱ्या माणसाकडे इथे संशयाने पाहिलं गेलं तर त्यात चूक काही नव्हती.

रिचला हे माहीत होतं. लोकांना वाटे, हा नवाहोंचं धर्मांतर करायला चालला. त्याने जाहीरपणे सांगितलं ते उलट होतं: गोऱ्या, मध्यमवर्गीय, इव्हँजेलिकल चष्म्यातून देवाकडे बघण्याचा आपल्याला कंटाळा आला आहे, आणि ख्रिस्त सापडण्याची शक्यता आपल्याला इथे अधिक वाटते. आणि तो काम करत होता ते मुलांना संगीत शिकवण्याचं.

तुम्ही वर्गाच्या मागच्या बाकावर बसा. पुढे लहान मुलं आहेत. काहींच्या आजीआजोबांच्या तोंडातून निवासी शाळेत त्यांची भाषा काढून घेतली होती. आणि हा गोरा माणूस त्यांना सूर देतो आहे, ताल धरायला लावतो आहे. ज्याला ऐकायला हजारो लोक तिकीट काढत, त्याच्यासमोर मूठभर पोरं. पाहणाऱ्यांपैकी अनेकांना ही घसरण वाटली. ऐन बहरात गाडी रुळावरून उतरली, असं म्हणणारे होते. मला हे पटत नाही. पणजीने त्याला जे दिलं ते तो कुणाच्या तरी हाती ठेवत होता. वयाच्या चाळिशीत त्याला मिळालेलं हे काम त्याच्या कारकिर्दीचा कळस होतं, असं मी मानतो. गाणी लिहिणं थांबलेलं नव्हतंच. संत फ्रान्सिसच्या गोष्टीला यादवी युद्धानंतरच्या कॅन्ससच्या माळावर आणून त्याने बीकर आणि गायक मिच मॅकव्हिकर यांच्याबरोबर ‘कँटिकल ऑफ द प्लेन्स’ हे संगीतनाट्य केलं. ते 1997ला आलं. कॅथलिक चर्चकडे त्याचा ओढा वाढला होता. तिथल्या उपासनेला तो जाऊन बसायचा.

सप्टेंबर 1997. एका वापरात नसलेल्या, रिकाम्या पडलेल्या चर्चमध्ये या. आवाज घुमतो आहे. रिचसमोर एक साधा कॅसेट रेकॉर्डर आहे, स्टुडिओतलं एकही यंत्र नाही. बटण दाबून तो येशूच्या आयुष्यावरची नवी गाणी एकामागून एक म्हणतो. नऊ गाणी. पुढच्या अल्बमचा हा कच्चा खर्डा, बँडला चाली कळाव्यात एवढ्यापुरता. टेपची खरखर आहे, आवाज कुठे कुठे चिरकतो, एखादा सूर निसटतो. कुणी ऐकणार नाही अशा समजुतीने गायलेलं गाणं कसं असतं, ते इथे ऐकू येतं.

त्यानंतर काही दिवसांनी, 19 सप्टेंबर 1997च्या रात्री, रिच आणि मिच मॅकव्हिकर जीपमधून शिकागोच्या बाजूने विचिटाकडे निघाले होते. मदतनिधीसाठी तिथे कार्यक्रम होता. इलिनॉयमध्ये लॉस्टंट गावाजवळ 39 क्रमांकाच्या महामार्गावर जीप उलटली. दोघांनीही सीटबेल्ट लावलेला नव्हता. दोघेही बाहेर फेकले गेले. मागून येणाऱ्या मालट्रकने उलटलेली जीप चुकवण्यासाठी वळण घेतलं आणि तो रिचवर गेला. रिच जागीच गेला. वय 41. मिच फार गंभीर जखमी झाला, पण वाचला आणि पुढे गात राहिला. या रस्त्यावर थांबण्यासारखं काही नाही. दोन्ही बाजूंना मक्याची शेतं आहेत. पुढे चला.

1998ला गॉस्पेल म्युझिक असोसिएशनने त्याला वर्षाचा सर्वोत्तम कलाकार म्हणून डव्ह पुरस्कार दिला. हा मान जिवंतपणी त्याला कधी मिळाला नव्हता. त्याच वर्षी ‘द जीझस रेकॉर्ड’ निघाला, दोन तबकड्यांचा. पहिलीवर रॅगमफिन बँडने आणि एमी ग्रँट, मायकेल डब्ल्यू. स्मिथ अशा मित्रांनी ती नऊ गाणी नीट वाद्यमेळासह गायली. दुसरीवर त्या रिकाम्या चर्चमधली कॅसेट जशी होती तशी ठेवली, खरखरीसकट. ती न सुधारता ठेवणाऱ्यांचे आभार मानावेत तेवढे थोडे.

तुम्हाला हा माणूस ऐकायचा असेल तर ‘ऑसम गॉड’पासून सुरुवात करू नका. ‘अ लिटर्जी’ घ्या, सलग ऐका, मधलं एकही गाणं गाळू नका. मग ‘द जीझस रेकॉर्ड’ची दुसरी तबकडी लावा, पहिलीच्या आधी. श्रद्धाळू असा किंवा नसा, गाणं करणारा माणूस श्रोत्यापासून काहीही लपवत नाही तेव्हा कसा आवाज येतो, ते कानांना कळेल.